एका बाजूची भिंत

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. कमलनगरचं आमचं घर म्हणजे एकच मोठी खोली. तिथे अभ्यासाला जागा व्हावी म्हणून अप्पांनी जिप्सम बोर्डाचं पार्टिशन करायचं ठरवलं. मिस्त्री आले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कानावर पेन्सिल, बोलण्याआधी हनुवटी खाजवायची सवय. त्यांनी खर्च सांगितला आणि अप्पा खिशातले पैसे पुन्हा मोजू लागले.

मी चाचरत विचारलं, "माझ्या बाजूनं बोर्ड नाही लावला तर?"

"आतला सांगाडा उघडा दिसंल की, अक्का."

"त्यात फळ्या टाकून पुस्तकं ठेवीन."

त्यांनी हनुवटी खाजवली, पुन्हा हिशेब केला आणि हसले. "बसलं बगा अप्पा, तुमच्या पैशात."

संध्याकाळपर्यंत भिंत उभी राहिली. दाराच्या जागी आईनं साडीचा पडदा लावला. अप्पा सवयीनं सरळ आत शिरायला लागले, तशी मिस्त्रींनी त्यांची वाट अडवली.

"इचारून जावा अप्पा. आता तिची खोली हाय."

अप्पा रागावतील असं मला वाटलं. पण ते पडद्यापाशी थांबले, घसा खाकरून म्हणाले, "आत येऊ का, माय?"

"या," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला आत बोलावत होते.