दिवेलागणीची इंग्रजी

आमच्या तंजावरच्या घरात मराठीतून कोणी कोणाला कधी वाईट बोललं नाही, असं नातेवाईक आजही अभिमानाने सांगतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मराठीतून बोलले नाहीत हे खरं आहे. सगळं इंग्रजीतून बोलले.

त्यामागे आईचा नियम होता. घरात वास्तुदेवता फिरत असते, आपण जे बोलू त्याला ती ‘तथास्तु’ म्हणते, म्हणून अभद्र बोलायचं नाही, दिवेलागणीला तर मुळीच नाही. महाराष्ट्रातही हे मानतात. नोकरीच्या निमित्ताने मी बरीच वर्षं सोलापुरात काढली, मराठी लिहायला-वाचायलाही तिथेच शिकले, तिथेही हे ऐकलं. पण तिथली माणसं रागावली की नियम विसरायची आणि बोलून मोकळी व्हायची. आमच्या लोकांनी पळवाट शोधली. देवतेला मराठी कळते, कारण पिढ्यान् पिढ्या आपण तिच्याशी तीच बोलतो. तमिळही कळत असणार, राहते ती इथेच. इंग्रजी मात्र तिला येत नाही. हे तिला कोणी विचारलं होतं कोण जाणे, पण घरात सगळे हे धरूनच चालायचे.

वडील सरकारी कचेरीत होते. साहेब दिवसभर त्यांना जे ऐकवायचे, ते संध्याकाळी घरी यायचं. भांडं पडलं की ‘केअरलेस’. उलट उत्तर दिलं की ‘शेमलेस’. गणितात मार्क कमी पडले की ‘होपलेस’. आणि अगदीच संतापले की ‘यूसलेस फेलो’, मग समोर मी असले तरी फेलोच. आम्हा भावंडांना त्याचं फारसं काही वाटायचं नाही. शाळा तमिळ, घर मराठी. इंग्रजी कळायची ती वडिलांचा पारा किती चढलाय एवढ्यापुरती. शिवाय पाठोपाठ त्याच तोंडातून “ये की, जेव, भात निवतो” असं यायचं, आणि आम्ही तेवढंच खरं धरायचो.

आता आई-वडील नाहीत. त्या घरात धाकटा भाऊ राहतो, निवृत्त झाल्यावर मीही तिथेच आले. भावाने वडिलांचे शब्द नीट जपले आहेत, वर बँकेतल्या नोकरीत मिळालेल्या नव्या शब्दांची भर घातली आहे. ‘वेस्ट’, म्हणजे वाया गेलेलं, हा त्याचा लाडका. ‘डिस्ग्रेस’ त्याच्या खालोखाल. नियम तोच. देवापुढे समई लागली की मराठी गोड आणि इंग्रजी मोकाट.

पण ऐकणारी बदलली आहे, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. त्याची मुलगी यंदा बारावीला आहे. पुढे तिचं कुठे अडू नये म्हणून जन्मल्यापासून आईबाप तिच्याशी इंग्रजीच बोलले. गोष्टी इंग्रजीत, लाड इंग्रजीत, ताप आला तर विचारपूसही इंग्रजीत. मराठी तिला कळते सगळी, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. आम्हाला जे शब्द नुसते कानावरून जायचे, ते या पोरीच्या थेट आत जाऊन बसतात. आणि हे बापाला कळू नये? चांगला शिकलेला माणूस!

तिला आर्किटेक्ट व्हायचं आहे. लहानपणापासून ती घरं काढते. कालव्याकाठच्या गावात कोणाकडे गेलो तरी ही आधी तिथलं छप्पर आणि ओसरी बघणार, मग माणसं. प्रवेशपरीक्षेची तयारीही सुरू होती. मग एके दिवशी दुपारी स्कूटरवर माझ्यामागे बसली असताना, मी काही विचारलंही नव्हतं, ती इंग्रजीत म्हणाली, “आत्या, मी परीक्षा देणार नाही. मी वेस्ट आहे.” रडत नव्हती. रक्तगट सांगावा तसं सांगितलं. मी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून तिच्याकडे बघितलं.

भावाला सांगितलं तर तो हसला. “अक्का, तू पण! इंग्लिशांत रागावलें तर लागतें कां? आपण वाढलों नाहीं?”

त्यानंतर आठवडाभरातच जवळच्या पापनाशमहून चुलत बहीण आणि तिचे यजमान आले. संध्याकाळ झाली होती, भावजयीने समई लावली होती, मुरुक्कू, म्हणजे इथली चकली, आणि कॉफी पुढे आली होती. तेवढ्यात भावाच्या फोनवर शाळेचा निरोप आला. सहामाहीत मुलीचे गणिताचे मार्क घसरले होते. त्याने तिला हाक मारली आणि पाहुण्यांसमोर, आवाजही फारसा न चढवता, सुरू केलं. यूसलेस. वेस्ट. डिस्ग्रेस टू द फॅमिली. तुझ्यावर घालवलेलं सगळं फुकट, हेही इंग्रजीत. ती खाली मान घालून उभी होती. यजमान मुरुक्कू चावत होते. बहीण तर माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाली, “अगदी तुमच्या अप्पांसारखें रागावतो, नाहीं?”

माझा तोल गेला. मी उठून समईपाशी गेले आणि भावाला म्हटलं, “इकडे ये. आतां जें बोललास तें मराठींत बोल.”

“अक्का, दिवा लागलाय.”

“म्हणूनच. तिला सांग, तू कसल्याही कामाची नाहींस. सांग, तू आमच्या घराला लागलेला डाग आहेस. बोल की!”

बहिणीने चक्क कानांवर हात ठेवले. “शुभ बोला ग, शुभ बोला!” यजमानांनी ताटली खाली ठेवली. हीच माणसं घटकेपूर्वी हेच सगळं ऐकत आरामात खात होती! मला इतका राग आला होता की त्यांना तसंच उठवून बसस्टँडवर पाठवावं असं वाटलं.

भावाने तोंड उघडलं. “तू...” म्हणाला आणि थांबला. समईकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. पुन्हा म्हणाला, “तू...” पुढचं येईना. बँकेत दिवसभर माणसांना फाडून खाणारा माणूस, पण स्वतःच्या लेकीला तिच्याबद्दलचं स्वतःचं मत स्वतःच्या भाषेत सांगता येईना. मी सोडलं नाही. “इंग्रजींत येतें, मग मराठींत कां येत नाहीं? खरें असेल तर देवापुढे सांगायला भीती कसली?”

“मी तें मनापासून बोलत नाहीं, अक्का,” तो शेवटी म्हणाला. “देवाला ठाऊक आहे.”

तेव्हा मुलीने मान वर केली. कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून मराठी ऐकली नव्हती. अडखळत, एकेक शब्द शोधत ती बोलली.

“देवास इंग्लिश येत नाहीं, अप्पा. मज येतें. तुम्ही सांगत होतां, आणि तथास्तु मी म्हणत होतें.”

भाऊ समईपुढे खालीच बसला. पाहुण्यांची बस चुकली, तरी कोणी उठलं नाही. मग तो तिला म्हणाला, “परीक्षा लिही, बाळ. तुज येईल.” हे त्याने मराठीत म्हटलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. यावर मात्र तिने तथास्तु म्हटलं नाही.