रेषेखालची तीन दुकानं

टेलरमावशींचं दुकान दहा-अकरा फूट रुंद. त्यात दोन शिलाई मशिनं, कपडे घालून बघायला पडद्याचा आडोसा, आणि मागच्या टेबलावर इस्त्री फिरवणारे त्यांचे यजमान. यजमानांना कमी ऐकू यायचं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत पोचतच नसत, म्हणून त्यांचा स्वभाव गोड राहिला होता. मावशींना मात्र सगळं ऐकू यायचं, आणि ऐकलेलं सोडून द्यायची त्यांना सवय नव्हती.

एक दिवस नगरपालिकेची नोटीस आली. बाजारपेठेचं आता ‘वैभव क्षेत्र’ झालं होतं. तिथे नव्या फरशा बसणार, नक्षीचे दिवे लागणार, आणि त्यापायी आतल्या दुकानदारांनी तिप्पट व्यवसाय कर भरायचा होता. मावशींचं दुकान बाजारपेठेत नव्हतंच. ते होतं बाजूच्या गल्लीत, जिथे आहेत ते दिवेही लहर लागली तरच लागत.

मावशी तडक नगररचना विभागात गेल्या. “आमच्या गल्लीत हे वैभव कधी यायचं?”

“कर आला ना? मग वैभवही येईल मागून,” कारकून वर न बघता म्हणाला.

नकाशा भिंतीवर लावला होता. वैभव क्षेत्राभोवती जाडजूड लाल रेष होती. मावशींनी आपली गल्ली शोधली, पण दुकान काही सापडेना. मग उजेड पडला. दुकान रेषेच्या आत नव्हतं, बाहेरही नव्हतं. ते रेषेखाली गाडलं गेलं होतं.

“नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे खरे किती?”

“पन्नास मीटर.”

मावशींनी गळ्यातली टेप लावली. रेष दोन मिलिमीटर जाड होती. म्हणजे जमिनीवर दहा मीटर! चावीवाला, झेरॉक्सवाला आणि त्या, अशी तीन दुकानं एका मार्करने गिळली होती.

“मग आम्ही आत की बाहेर?”

“तुम्ही रेषेत आहात,” कारकून म्हणाला, जणू हा मानाचा हुद्दा होता. “आणि रेषेतले आतच धरतात.”

हरकतींच्या सुनावणीला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. चावीवाल्याने दीड मिनिट घसा खाकरण्यात घालवलं. झेरॉक्सवाला आलाच नाही. त्याची अर्धी छपाई नगरपालिकेची होती. मावशी उभ्या राहिल्या तेव्हा सभापती चहात बिस्किट बुडवत होते.

“साहेब, मीही कापडावर खडूने रेघ मारते. पण रेघेच्या जाडीचं कापड खिशात घातलं, तर गिऱ्हाईक मला चोर म्हणेल.”

“बाई, रेष जाड आहे ती लोकांना दिसावी म्हणून.”

“दिसली ना! म्हणून तर अजून एक दिसलं.” मावशी नकाशापाशी गेल्या. “रेष चौकापर्यंत सरळ येते. इथे, सोफ्याच्या शोरूमपाशी, एकदम आत वळते, शोरूमला वळसा घालते, आणि पुन्हा शहाण्यासारखी सरळ जाते. भर चौकातलं चार मजली दुकान बाहेर, आणि गल्लीतली मी आत. हे कटिंग कुणाच्या मापाने केलंय?”

शोरूम सभापतींच्या मेहुण्याचं होतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सभागृहात आधी खसखस पिकली, मग चांगला हशा उसळला. बिस्किट चहात गळून पडलं.

“तीन मिनिटं झाली,” सभापती म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नकाशा फोटोसकट पेपरात आला. नगरपालिकेची पळापळ झाली. घाईघाईत बारीक पेनाने नवी रेष काढली, आणि ती कशी निघावी? शोरूम आत आणि तिन्ही दुकानंही आत! सभापतींनी मेहुणा गमावला होता, निदान मावशींना तरी सोडायचं नाही, असा पण केला असावा. “कुणावरही अन्याय झालेला नाही,” ते पेपरवाल्यांना म्हणाले, आणि ते खरंच होतं. आता तो सगळ्यांवर सारखा झाला होता.

मावशी नवीन अर्ज लिहायला बसल्या. तोवर शोरूमवाल्याच्या हातात त्याचं बिल पडलं.

पुढच्याच सभेत सभापतींना छोट्या व्यापाऱ्यांचा असा कळवळा आला की त्यांचा आवाज भरून आला. वाढीव कर सगळ्यांनाच माफ. ठराव एकमताने, चर्चेविना, चहा यायच्या आत मंजूर. पैसाच येणार नाही म्हणून फरशा आधी रद्द झाल्या, मग दिवे. नाव तेवढं राहिलं.

“सुटलो एकदाचे,” यजमान इस्त्री उभी करत म्हणाले. “तुझ्या बोलण्याने झालं हो.”

“माझ्या बोलण्याने काय झालं?” मावशी तडकल्या. “मी घसा फोडून सांगितलं, तर मला आत ओढलं. त्या शोरूमवाल्याने सभापतींच्या कानात कुजबुज केली, तर सगळं सभागृह हललं.”

“पण कर गेला ना?”

“गेला हो. तेच तर झोंबतंय मला.”

यजमानांना यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. त्यांनी पुढचा शर्ट घेतला.

तेव्हापासून नगरपालिकेची एकही सभा मावशी चुकवत नाहीत. काजं करायचे शर्ट पिशवीत घालून नेतात आणि प्रेक्षकांच्या सज्जात, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसतात. ती जागा शिपाई आता त्यांच्यासाठी राखून ठेवतो. त्या बोलत काही नाहीत. पण एखाद्या ठरावावर सुई मध्येच थांबली, की खाली वाचणाऱ्याची जीभ अडखळते, आणि तो तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचतो.