भोंग्यातला माझा आवाज

लग्न होऊन घुग्घुसला आले तेव्हा घर अगदी रस्त्यालगत मिळालं. कोळशाचे ट्रक दिवसभर जायचे, शेजारणीशी बोलायचं तरी ओरडून. तसा माझा आवाज मोठा झाला. विहारात वंदना घ्यायची वेळ आली की सगळे मलाच पुढे करत. माईक बंद पडला तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं.

एका पौर्णिमेला तिथं साऊंड लावायला आलेले एक भाऊ कार्यक्रम संपल्यावर थांबले. धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. त्यांच्या जाहिरातीची भोंगा लावलेली गाडी ते फिरवत. म्हणाले, "बाई, एक जाहिरात तुमच्या आवाजात भरू का?"

मला हसू आलं, पण गेले. त्यांच्या खोलीत दारा-खिडक्यांना गोधड्या टांगल्या होत्या. कागदावरचं मी शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. त्यांनी मान हलवली. "असं नाई. शेजारच्या बाईले हाक मारता न, तसं बोला."

मी कागद खाली ठेवला. "काऊन वो बाई, घरीच बसून राह्यली का? आज आपल्या गावात नाटक हाये. चादर घे अन् चाल."

"झालं," ते म्हणाले. "आता दुसऱ्यांदा नको."

पुढे ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यात नणंदेकडे गेले होते. अंगणात भाजी निवडत बसलो होतो, तोच गल्लीच्या टोकाकडून माझाच आवाज आला. मी कधी न पाहिलेल्या घरांवरून तो पुढे सरकत होता. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. भोंग्यातून आलं, घरीच बसून राह्यली का? ती गाडीकडे तोंड करून सहज म्हणाली, "येतो वो माय, येतो." आणि चादर आणायला आत गेली.

संध्याकाळी मैदानाकडे माणसं निघाली, ट्रॅक्टरमधून, पायी, लेकरं खांद्यावर घेऊन. त्या गर्दीत मला कोणी ओळखत नव्हतं. आपल्या गळ्यात एवढं काही असेल हे तोवर मला ठाऊकच नव्हतं.

परत आल्यावर मी भाऊंना म्हटलं, "आता हे काम मी धंदा म्हणून करतो."

"करा न बाई. गिऱ्हाईक मी आणतो."

कपड्यांची दुकानं आली, आरोग्य शिबिरं आली. मोबाईलवर मजकूर येतो, मी तो आपल्या बोलीत बसवते आणि घरच्या माईकवर बोलून पाठवते.

मागच्या उन्हाळ्यात जंगलालगतच्या एका गावाहून सरपंचबाईंचा फोन आला. शिवारात वाघ फिरत होता. पहाटे मोहफुलं वेचायला एकटं जाऊ नका, एवढंच सांगायचं होतं. तेवढं बोलायला माझी सगळी सकाळ गेली. भीती घालायची नव्हती, आणि बायांनी ऐकायला तर हवं होतं. शेवटी म्हटलं, "थांब वो बाई. उजाडू दे, मंग चौघीजणी मिळून जा."

काही दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. "बाया थांबून राह्यल्या जी. अन् मले विचारतात, हे बाई कोन्या गावची होय?"

"मग काय सांगितलं?"

"सांगतलं, आपल्याच गावची."