कार्ड लागत नाही

पाम गावच्या पंचायतीने सुरू केलेल्या दवाखान्यात मी नर्स होते. बोईसरच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणारी एक बाई एकदा पायरीशी येऊन थांबली. कडेवर तापाने फणफणलेली मुलगी, हातात औषधासाठी धुऊन आणलेली बाटली. कायम कामगाराचे कार्ड नाही म्हणून कारखान्याच्या दवाखान्याने तिला परत पाठवले होते.

"आत ये गं. इथे कार्ड लागत नाही."

"मंग औषीद खरं हाय ना, बाई?"

मी बाटली भरून दिली. तिने आधी स्वतः घोट घेतला.

"कडू हाय," ती समाधानाने म्हणाली आणि मगच मुलीला पाजले. जाताना वळली. "उद्या पन कारड नाय लागनार ना?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली तेव्हा मुलीचा ताप उतरला होता. कार्ड लागत नाही हे ऐकूनही मी हाक मारेपर्यंत ती बाई पायरीशीच उभी राहिली.