न लागलेली कुस्ती
गावच्या कुस्ती मैदानाच्या व्यासपीठावर यल्लाप्पा कांबळ्यांना फेटा बांधून बसवलं, ते काही प्रेमापोटी नव्हे. भरमा पैलवानाला लढताना डोळ्यांनी पाहिलेला दुसरा माणूस गावात उरलाच नव्हता, म्हणून. अशा नाइलाजाच्या मानाला कोण मान म्हणेल? बेळगावात इंजिनिअर असलेली लेक पारमिता फोनवर म्हणालीही, "आप्पा, नका जाऊ." म्हातारा म्हणाला, "जाणार. बोलवलंय म्हंजे बोलू बी द्यावं लागंल."

निपाणीकडच्या गावांना एक नाद आहे. मैदान संपलं तरी कुस्ती संपत नाही. मेलेल्या पैलवानांना उठवून आजच्या पोरांशी लढवायचं आणि त्यावरून चहाच्या टपरीवर जित्या माणसांनी एकमेकांच्या उरावर बसायचं. यंदाच्या जत्रेत निवेदक स्वरूपनं हा खेळ थेट माइकवर आणला. पन्नास वर्षांपूर्वीचा भरमा आणि आज मॅटवर गाजणारा सौरव, दोघंही ऐन भरात समोरासमोर आले तर जिंकणार कोण?

भरमाचा मुलगा रविराज जत्रा कमिटीचा अध्यक्ष. तो म्हणाला, "आमच्या आबांची ढाक बसली की गडी आभाळच बघतोय." खाली बसलेला सौरव हसला. "ढाक मारायला पाय भुईवर पायजेत न्हवं? मी आधी पाय धरून पटच काढीन." लोक खूश झाले, शिट्ट्या पडल्या.

यल्लाप्पा मात्र हसले नाहीत. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या वस्तीतल्या पोरांना तालमीचा उंबरा बंद होता. दिवसभर वखारीत तंबाखूची पोती उचलायची आणि सांजेला वेदगंगेच्या वाळूत झुंजायचं, हीच त्यांची तालीम. चिकोडीकडं त्यांना कुणी ओळखत नव्हतं, तिथल्या मैदानांत त्यांनी भल्याभल्यांना चितपट केलं. गावच्या जत्रेत जोड मागायची रीत होती. हात वर करून मैदानाला फेरी मारायची. ज्याला लढायचं तो उठून हातात हात देतो. यल्लाप्पा फिरले. पुन्हा फिरले. भरमा आपल्या लंगोटाची गाठ बघत बसला. तो भित्रा नव्हता, हे यल्लाप्पाही मान्य करतात. त्या हाताला हात लावायचा नाही, एवढं त्याला घरून शिकवलेलं होतं. तो अपमान यल्लाप्पांना आजही जाळतो, आणि का जाळू नये?

स्वरूपनं माइक त्यांच्यापुढं धरला. "यल्लाप्पा आप्पा, तुमी भरमाच्या कुस्त्या बघितल्यासा. सांगा, भरमा का सौरव?"

"ही कुस्ती लागत न्हाय."

"का ओ?"

"रांगेत पयला मी हाय. आधी भरमा आनि मी. जितंल त्यानं सौरवसंगं लढायचं."

व्यासपीठावरच्या दोघातिघांनी उगाच फेटे सारखे केले. रविराज खुर्ची पुढं ओढून समजुतीच्या सुरात म्हणाला, "आप्पा, ते जुनं आता कशाला? आनि ह्ये सगळं नुस्तं मनातलं हाय. खरं कोन लढतंय?"

"व्हय की, मनातलंच हाय," यल्लाप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण कर्ण्यातून तो पार शेवटच्या माणसापर्यंत गेला. "मेलेला मानूस उठवून आनलासा. त्याला परत जवान केलासा. एवढं समदं मनात जमतंय, आनि माझा हात तेवढा मनातसुदिक धरवंना व्हय तुमास्नी?"

रविराजनं पुढं ओढलेली खुर्ची पुन्हा मागं सरकवली. स्वरूप पोटापाण्याचा निवेदक, त्याला शांतता सोसत नाही. तो घाईनं म्हणाला, "बरं आप्पा, लावली कुस्ती. ऐन भरातला भरमा आनि ऐन भरातलं तुमी. कोन जिंकलं असतं?"

म्हातारा आता मिशीला पीळ देऊन 'मी' म्हणणार, अशी सगळ्यांची खात्री होती. सौरव तर टाळी वाजवायला हात वर करून बसला होता. यल्लाप्पांनी स्वरूपच्या हातातला माइक काढून आपल्या हातात घेतला.

"ते मला ठावं न्हाय," ते म्हणाले. "तेवढंच बघायचं हुतं मला. तुमच्या भरमानं बघू दिलं न्हाय."