आठ दिवसांनी ये

माझा धाकटा भाऊ लादी बसवायचं काम करायचा. कल्याण-बदलापूरच्या किती टॉवरमधल्या जमिनी त्याच्या हातच्या असतील, त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. धसईच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचं गाव. तिथे आईबाबा भाताची शेती करत होते. मी लग्न होऊन शहापूरला आले. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. भाऊ कुठेही कामाला असला, तरी शनिवारी रात्री गावी असायचा. त्यामुळे तो इस्रायलला जाणार म्हणाला तेव्हा आम्हाला आधी चेष्टाच वाटली.

चेष्टा नव्हती. तिकडे बांधकामाला माणसं हवी होती. पुण्याला जाऊन भिंतीला लाद्या लावून दाखवायच्या होत्या. त्याने लावून दाखवल्या, पास झाला, आणि चोवीस साल संपता संपता गेला. लढाई चालू असलेल्या देशात पोरगं जातंय म्हणून आईने तीन दिवस अबोला धरला. बाबा एवढंच म्हणाले, "त्याच्या हातात काम हाय. जाऊ दे."

बाबा तोवर टीव्हीवर भजनं नाहीतर कुस्त्या बघायचे. भाऊ गेल्यापासून ते बातम्या बघायला लागले. सकाळी गोठ्यातलं आवरून आले की टीव्ही लावायचे. निवेदक ओरडायचा आणि बाबा पडद्याच्या अगदी जवळ बसायचे. पंचवीस साल उजाडलं तेव्हा तिकडची लढाई थांबल्याची बातमी आली. त्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "बाय, मिटलं बरं का." मार्चमध्ये पुन्हा बॉम्ब पडायला लागले, तेव्हा मात्र त्यांचा फोन आला नाही. मीच केला. म्हणाले, "ल्हान ल्हान पोरं हायत गो त्यात. बघवत नाय." बघवत नाही म्हणायचे आणि बघत राहायचे.

एकदा मी गावी गेले असताना भावाचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या घरात रेंज येत नाही. अंगणात जांभळाखाली उभं राहिलं की येते. बाबांनी त्याला विचारलं, "तिकडं तुज्या आधी ह्ये काम कोण करायचं रे?"

"दुसरी माणसं यायची. बॉर्डरच्या पलीकडची. आता त्यांना सोडत नाय."

"मग ती काय खातात?"

भावाने मागे वळून बघितलं. मग म्हणाला, "बाबा, तुमी जेवलात का?"

एप्रिलमध्ये काश्मीरला फिरायला गेलेल्या माणसांना गोळ्या घातल्या. त्यात आपल्या ठाणे जिल्ह्यातली माणसं होती. मे महिन्यात इकडेच युद्ध सुरू झालं. टीव्हीवर दिवसभर सायरन वाजायचा. तो बातमीचा की खरा, हेही कळायचं नाही. माझ्या दुकानात येणाऱ्या बायका ब्लाउजचं माप देता देता विचारायच्या, "आपल्याकडं पडंल का गो?" त्या दिवसांत भावाचे दिवसाला चार-चार फोन यायचे. आम्ही सगळे इतके महिने त्याची काळजी करत होतो, आणि आता तो आमची करत होता.

"ताई, तुमी लपायला जागा बघून ठेवा. बंकर नसला तर जिन्याखाली बसायचं. खिडकीपासून लांब."

"गावी कुठला जिना? भाताच्या कणगीच्या मागं बसतील आईबाबा," मी हसून म्हणाले.

तो हसला नाही. "तुला माहीत नाय," म्हणाला. "आवाज कसा असतो, तुला माहीत नाय."

चार दिवसांत आपली लढाई थांबली, पण त्याने मनावर घेतलं होतं. एकदा सगळ्यांना डोळ्यांनी बघून जातो म्हणाला. महिन्याची सुट्टी मिळवली. जूनच्या मध्यावरचं, गुरुवारी संध्याकाळचं विमान ठरलं. आईने तांदळाचं पीठ दळून आणलं. बाबांनी आवण टाकायचं, म्हणजे रोपांसाठी भात पेरायचं काम घाईने उरकलं. पोरगा आला की त्याच्यासोबत लावणी करायची, असं ते गावभर सांगत होते.

त्या गुरुवारी दुपारी मी दुकानात होते. बाबांचा फोन आला. 

"बाय, टीव्ही बघितलास का?"

अहमदाबादला विमान पडलं होतं. उडालं आणि लगेच पडलं. तेही हॉस्टेलवर, पोरं जेवायला बसलेली तिथे. मी मशीन थांबवून मोबाइलवर बघितलं.

"त्याचं विमान आज सांच्याला हाय," बाबा म्हणाले.

"बाबा, जगात रोज किती विमानं उडतात. त्यातलं एखादं—"

"उडत असतील. आपला एकच हाय."

मी खूप समजावलं. ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांनी जांभळाखाली उभं राहून भावाला फोन लावला आणि सांगितलं, "आज येऊ नको. आठ दिवसांनी ये. ह्ये जरा निवू दे."

थोड्या वेळाने भावाचा मला फोन. त्याची बॅग भरून झाली होती. बूट घालून तो खोलीच्या दाराशी बसला होता.

"ताई, बाबा रडतायत गो. तू कधी त्यांना रडताना बघितलंस?"

"नाही."

"मग मी काय करू?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "त्यांना असं रडवून मी विमानात कसा बसू?" त्याने तिकीट पुढे ढकललं. बूट काढले. दुसऱ्या दिवशी कामाला जायचं ठरवून झोपला.

त्या रात्रीच इराणशी युद्ध सुरू झालं. सकाळ झाली तर आकाश बंद, विमानतळ बंद. त्याच्या खोलीत नाशिककडचा एक माणूस राहायचा. तो आदल्या संध्याकाळच्या त्याच विमानाने निघाला होता आणि सुखरूप घरी पोचला.

मी शनिवारी गावी गेले. बाबा ओट्यावर बसले होते. मला बघून 'ये' सुद्धा म्हणाले नाहीत. आत टीव्ही चालू होता. आकाशातून दिवे पडावेत तशी क्षेपणास्त्रं पडत होती. आई चुलीपुढून म्हणाली, "दोन दिस झाले, च्याची बशी तोंडाला लावली नाय त्यांनी." मी बाबांच्या शेजारी बसले. म्हटलं, "तुम्हाला काय माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं." त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तो निघाला होता गो. पायांत बूट घातले होते त्यानं."

भावाचा फोन यायचा. "मी ठीक हाय, बंकर जवळ हाय," एवढंच तो सांगायचा. बाबा पाठमोरे उभे राहून ऐकायचे, स्वतः बोलायचे नाहीत.

मंगळवारी सकाळी ते आवणाकडे जाऊन आले. ओट्यावर बसले, पाणी मागितलं. आई पाणी घेऊन बाहेर आली तर छाती धरून बसले होते. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून त्यांना मुरबाडला दवाखान्यात न्यायला निघाले. मला फोन आला तशी मी शहापूरहून निघाले. किन्हवलीच्या पुढे पोचले असेन, तेवढ्यात काकांचा फोन आला. सरळगावच्या अलीकडेच बाबा गेले होते. काका म्हणाले, "तू मुरबाडला नको येऊ. घरी ये."

भावाला कुणी सांगायचं? काका म्हणाले, तूच सांग. सरळगावला एका बंद टपरीच्या आडोशाला उभी राहून मी त्याला सांगितलं. त्याने मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग "मी येतो" म्हणाला. पुन्हा म्हणाला. पुन्हा. मी विचारलं, "कसा येशील रे?" त्याने मुकादमाला विचारलं, आणखी कुठे कुठे फोन केले. जॉर्डनच्या बाजूने माणसं बाहेर काढतायत असं त्याला कळलं. नाव लिहून घेतलं होतं, पण पाळी कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मी घरी पोचेपर्यंत तीनदा त्याचा फोन आला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "ताई, मला तोंड तरी दाखव."

बाबांना अंगणात ठेवलं होतं, जांभळापासून दोन हातांवर. अग्नी चुलतभावाने द्यायचं ठरलं होतं. नदीकाठच्या मसणात रेंज नाही, म्हणून जे दाखवायचं ते अंगणातच दाखवावं लागणार होतं. मी व्हिडिओ लावला. पडद्यावर भाऊ दिसला. अंगात कामाचे कपडे, केसांत सिमेंट. मी मोबाइल बाबांच्या चेहऱ्यावर धरला. बायका रडत होत्या, त्या गप्प झाल्या. भाऊ म्हणाला, "बाबा." मग म्हणाला, "ताई, जरा जवळ ने."

मी जवळ नेला. तेवढ्यात त्याच्याकडे मोबाइल सायरनसारखे किंचाळायला लागले, एकदम चार-पाच. मागे माणसं पळताना दिसली. त्याने मागे बघितलं, पुन्हा आमच्याकडे बघितलं. "ताई, थांबा. उचलू नका. मी—" म्हणाला आणि पडदा काळा झाला.

आम्ही थांबलो. मी फोन लावत राहिले, लागत नव्हता. गावातल्या एकाच्या मोबाइलवर बातमी आली, क्षेपणास्त्र एका इमारतीवर पडलंय. कुठलं शहर, ते कुणालाच नीट वाचता येईना. जो तो दुसऱ्याच्या हातातला मोबाइल बघत होता. आई बाबांच्या पायाशी बसून होती. सकाळपासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ढग खाली उतरत होते. लाकडं भिजतील म्हणून माणसं चुळबुळ करायला लागली.

काका माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "बाय, किती येळ थांबायचं?"

 थांब म्हणून सांगणारा जिवंत आहे की नाही, ते माहीत नव्हतं. आणि ज्याच्यासाठी जमलो होतो, त्याला असं किती वेळ ठेवायचं? मी आईकडे बघितलं. तिने सगळं ऐकलं होतं. ती उठली, बाबांच्या कपाळावरचा बुक्का बोटाने नीट केला आणि म्हणाली, "उचला."

पुरुष माणसं बाबांना घेऊन गेली. आम्ही बायका अंगणात राहिलो. मी जांभळाखालून हलले नाही. बऱ्याच वेळाने झाडांच्या मागून धूर वर यायला लागला, आणि त्यानंतर फोन वाजला.

"ताई, गेले का?"

"गेले."

"मी सांगितलं होतं ना थांबा."

"थांबलो होतो रे."

तो रडत होता. बंकर जमिनीच्या खाली, तिथे फोन लागत नाही, असं काहीबाही सांगत होता. मी मोबाइल नदीच्या बाजूला फिरवला. धूर दिसत होता, तो त्याला दाखवला. दुसरं दाखवायला काही नव्हतं.

आई जवळ आली. "जिता हाय ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने मोबाइल हातात घेऊन त्याला नीट बघितलं, मला परत दिला. "मग आता मला रडू दे," म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

दहाव्याच्या आधीच तिकडची लढाई थांबली. विमानं पुन्हा उडायला लागली. भावाने फोनवर विचारलं, "येऊ का?" घरात आम्ही सगळे होतो, पण ये किंवा येऊ नको असं कुणाच्याच तोंडून निघेना. शेवटी आई म्हणाली, "तुला वाटंल तसं कर." तो तेव्हा आला नाही. आता येऊन काय करू, म्हणाला.

पुढचे महिने असेच गेले. अमेरिकेने आपल्या मालावर कर वाढवला. माझा नवरा गोदामात आहे, तिथून बाहेरच्या देशांत माल जातो. त्याची पाळी आठवड्यातून दोन दिवस कमी झाली. सप्टेंबरमध्ये नेपाळात दंगे होऊन आगी लागल्या. आमच्या गल्लीतला चायनीजच्या गाडीवरचा नेपाळी दिवसभर मोबाइल कानाला लावून बसायचा. त्याच्यासाठी मी एकदा डब्यातली भाजी-भाकरी नेली. दुसरं काय करणार होते?

भाऊ दिवाळीला आला, तिकडे पुन्हा शस्त्रं खाली ठेवली तेव्हा. गाडीतून उतरल्यावर घरात न शिरता म्हणाला, "ताई, जागा दाखव."

आम्ही दोघं नदीवर गेलो. पावसाळाभर नदी त्या काठावरून वाहिली होती. जून महिन्यातला काठ राहिलाच नव्हता. सगळीकडे गाळ आणि नवं गवत. मी म्हटलं, "इथे." दोन पावलं पुढे जाऊन म्हटलं, "नाही, इथे असेल." मी मसणात आलेच नव्हते त्या दिवशी. काकांनाही नंतर नक्की सांगता आलं नाही. भाऊ गवतावर उकिडवा बसला. हात ठेवावा तर कुठे ठेवावा, अशी त्याची गत झाली. मग तसाच उठला.

कापणी चालू होती, आणि नेमका तेव्हा पाऊस लागला. कापून टाकलेल्या भाताला शेतात भिजून मोड यायला लागले. त्याची सगळी सुट्टी भिजलेल्या पेंढ्या बांधावर आणून पसरण्यात गेली. ऊन पडलं की पसरायचे, ढग आले की गोळा करायचे. आई आणि तो दिवसभर त्यातच असायचे. बाबांविषयी त्यांचं काही बोलणं झालं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

करार बाकी होता. नोव्हेंबर संपायच्या आत तो परत गेला. आई म्हणाली, मुरबाडजवळच्या म्हशाची जत्रा महिन्यावर आली, एवढी करून जा. पण रजा नव्हती. पोचल्यावर त्याने फोन केला. आई जांभळाखाली उभी राहून बोलली, मी शेजारी होते.

"तिकडं थंडी पडली का रे?"

"पडली."

"पांघरूण हाय ना?"

"हाय गो."

 कुणीच फोन ठेवला नाही. त्याच्याकडच्या रस्त्यावरून गाड्या गेल्याचा आवाज येत होता, तो आम्ही ऐकत उभ्या राहिलो.