कॉमातलं मानपत्र

स्वल्पविराम हा संस्कृतीचा आधार आहे, असं मी वयाच्या बाविसाव्या वर्षी मानत होते. संस्कृतीचं ठाऊक नाही. आमच्या शाळेला मात्र आधार बांबूंचा होता, आणि वर कवेलूंचं छप्पर. नागपुरात विणकरांच्या मोहल्ल्यातली ती मुलींची शाळा आठवीपर्यंत होती आणि मी तिथे इंग्रजी शिकवत असे. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती, पण इंग्रजीला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

दुपारचा तास अजून डोळ्यांपुढे येतो तो अर्धवट झोपेतल्यासारखाच. भिंतीपलीकडून मागांची खटखट येई, खिडकीला गारव्यासाठी लावलेल्या खसाच्या ताटीतून ओला वास येई, आणि बाकांवरच्या वेण्या हळूहळू पुढे झुकत. मीही पेंगत असे. तोंड मात्र आपलं व्याकरण सांगत राही.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीला झोप येत नसे. तिचे वडील विणकर. ‘माझे वडील, जे विणकर आहेत, गांधीबागेत गेले,’ असं वाक्य मी एकदा इंग्रजीत फळ्यावर लिहिलं. ‘हू’च्या आधी एक कॉमा आणि उपवाक्य संपल्यावर दुसरा. तिने हात वर केला.

“बाई, बाप तर एकच राह्यते. मग कोणता बाप, हे काहून सांगाचं?”

मी म्हटलं, म्हणूनच तर कॉमा. ज्याच्यावाचून ओळख अडत नाही, ते दोन कॉमांच्या आत ठेवायचं. ‘जो माग मोडला तो विकला’ यात मात्र कोणता माग ते कळलंच पाहिजे. तिथे इंग्रजीत कॉमा नाही.

“म्हणजे कॉमातलं काढून टाकलं तरी चालते,” ती म्हणाली.

चालते, मी म्हटलं, आणि पुन्हा पेंगले.

शाळा सुटल्यावर ती मागे थांबली. नववीचा वर्ग निघणार का, हे तिला विचारायचं होतं. पुढची शाळा लांब होती, आणि मुलगी मोहल्ल्याबाहेर शिकायला जाणार नाही, असं बापाने सांगून टाकलं होतं.

“वर्ग नाही निघाला, तर मले कांड्या भराले बसवतीन.”

कांड्या भरणं म्हणजे धोट्यात घालायचं सूत दिवसभर गुंडाळत बसणं. घरातल्या बायकांचं ते काम; एकदा हाताला चिकटलं की सुटत नसे.

वर्गाची मंजुरी शिक्षण खात्याच्या एका साहेबांकडे होती, आणि मार्चमध्ये ते शाळा पाहायला येणार होते. मुख्याध्यापिकांनी, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू, ठरवलं की मानपत्र द्यायचं, इंग्रजीत द्यायचं, आणि मोहल्ल्यात विणलेल्या कापडावर छापून द्यायचं. मजकूर एकाच वाक्याचा होता. शाळेच्या समितीतला प्रत्येक जण आपापला ‘हू’ घेऊन आला. साहेब, जे विद्येचे सागर आहेत, जे गोरगरिबांचे कैवारी आहेत, ज्यांच्या चरणांनी ही वास्तू पावन झाली आहे. वास्तूत वाळवी होती, पण तिच्यासाठी कुणी ‘व्हिच’ आणला नाही. साहेब एकच असल्यामुळे नियमाप्रमाणे प्रत्येक उपवाक्याला मी कॉमे घातले. वर्गाची मागणी सरकत सरकत वाक्याच्या अगदी टोकाला, क्रियापदापाशी गेली.

कॉमा आला की काय करायचं, असं मोठ्या बाईंनी मला विचारलं होतं. मी सांगितलं होतं, थांबायचं.

साहेब आले त्या दिवशी मांडवात मानपत्र वाचताना मोठ्या बाई पहिल्या कॉमाला थांबल्या. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष होते, कापडाचे व्यापारी. त्यांचं इंग्रजी गाठींवरच्या शिक्क्यांपुरतं. त्यांना वाटलं, संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं पाहून मागच्या सगळ्या विणकरांनी वाजवल्या. दुसऱ्या कॉमाला पुन्हा. साहेब आधी उभे राहून नमस्कार करत, मग बसूनच, मग नुसती मान लववत. एकदा लवलेली मान तशीच राहिली.

ऊन मांडवाच्या कापडातून गाळून खाली येत होतं. मोठ्या बाईंचा आवाज, टाळ्या, पुन्हा आवाज. मला वाटू लागलं की हे वाक्य आपल्या आधीपासून चालू आहे, आपण सगळे त्याच्या आतच राहतो, आणि क्रियापद कुठेतरी कन्हान नदीच्या पलीकडे आहे.

साहेबांच्या खुर्चीमागे लावलेल्या ताटीवर पाणी मारायला तीच मुलगी ठेवली होती. थोडं पाणी साहेबांच्या मानेवर पडलं. चुकून की मुद्दाम, ते मी कधी विचारलं नाही. साहेब दचकले. मी शेजारीच उभी होते.

“काय मागून राहिल्या गं ह्या?” त्यांनी मुलीला हळूच विचारलं. विद्येचा सागर इथलाच होता तर.

“नववीचा वर्ग, साहेब.”

“मग मागत काहून नाहीत?”

“मागून राहिल्या ना. अजून कॉमातच हायेत.” आणि मग, नियम सांगावा तशी, “ते काढून टाकलं तरी चालते.”

साहेबांनी हात वर केला. मोठ्या बाई थांबल्या. तिथे कॉमा नव्हता.

“वर्ग दिला,” साहेब म्हणाले. “जूनपासून सुरू करा. कागद मागाहून येईल.”

यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे मराठीत होतं; मानपत्राचा भाग असेल असं कुणाला वाटलं नाही. मोठ्या बाईंनी साहेबांचे आभार मानले, कापड पुन्हा सरळ धरलं आणि राहिलेलं वाचून काढलं. वाक्य क्रियापदावाचून सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

जूनमध्ये ती मुलगी नववीत पहिल्या बाकावर बसली. मानपत्र साहेब खुर्चीवरच विसरून गेले होते. नववीच्या खोलीला पश्चिमेची खिडकी होती, आणि पडदा म्हणून त्या कापडाचा पन्हा तिला बरोबर बसला.